कुकटपल्लीतील भुतांची पंगत

पुण्याहून निघून सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद ही गावे मागे टाकीत थेट मच्छलीपट्टणच्या समुद्रापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग, ज्याला सरकारदप्तरी आज 65 हा क्रमांक आहे, तो हैदराबादेत शिरताना पटानचेरू आणि मियापूर ओलांडून कुकटपल्लीच्या मध्यातून जातो. आणि येथील रिक्षावाले त्याला अजूनही ‘मुंबई हायवे’ म्हणत असल्यामुळे आपल्या मुलखाची सरहद्द नकाशात दिसते त्याहून जवळ असावी, असा मराठी प्रवाशाला भास होतो. डोक्यावरून 2017च्या नोव्हेंबरात सुरू झालेली मेट्रो धावते आणि तिच्या सावलीत कापडाची, सोन्याचांदीची, मोबाइलची दुकाने, दवाखाने, वसतिगृहे आणि परदेशी शिक्षणाची तजवीज करून देणाऱ्या कचेऱ्या यांची न तुटणारी रांग लागलेली आहे. या कारभारांत धंद्याचा कितीही भेद असला, तरी एक वस्तू त्यांच्या चौकटींवर हमखास आढळते: कोहळ्यावर रंगाने बटबटीत डोळे, झुबकेदार मिशा, सुळे आणि लोंबती जीभ काढून सिद्ध केलेले राक्षसाचे मुख. ‘दिष्टि गुम्मडिकाय’ हे त्याचे येथील नाव. वाईट नजर त्याने स्वतःवर घ्यावी, घरादाराला लागू देऊ नये, आणि ते कुजू लागले की अमावास्या पाहून उतरवावे व त्या जागी नवे टांगावे, असा रिवाज आहे.

ज्या गावाच्या उंबऱ्यांवर राक्षसाचे तोंड काढलेले फळ बारमास लटकत असते, त्या गावाला भोपळ्यावर भुताचे तोंड कोरणारा विलायती सण अगदीच अनोळखी वाटावा, असे कारण नव्हते. ‘घरात आलेले परके सण’ हा विषय संपादकांनी 2024च्या दसऱ्याच्या सुमारास आमच्याकडे सोपवला, तेव्हा केपीएचबी कॉलनीच्या मागील अंगाच्या एका गृहसंकुलात मराठी आणि तेलुगू कुटुंबे मिळून मुलांसाठी हॅलोवीनचा समारंभ करीत असल्याचे आणि त्यात बाजारचे एकही पाकीट येऊ द्यावयाचे नाही, सर्व खाऊ घरी केलेला व प्रकृतीला मानवणारा असावयाचा, अशी अट ठरल्याचे कानी आले. सणापेक्षा त्या अटीचेच आम्हांस अधिक कुतूहल वाटले. कारण सण आयात करणे सोपे असते, ओटा मात्र रोजच्या माणसांनाच सांभाळावा लागतो.

वसाहत आणि तिची अमेरिका

आंध्र प्रदेश गृहनिर्माण मंडळाने येथे वसवलेली केपीएचबी ही प्रचंड कॉलनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भरत गेली; शेजारी 1972 साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू तंत्रविद्यापीठाचा विस्तार; पुढे 1998 साली माधापुरात ‘सायबर टॉवर्स’ची गोल इमारत उभी राहिली आणि तिच्या मागोमाग संगणकाच्या कंपन्या आल्या, तेव्हा त्यांतील नोकरदारांना परवडेल असे राहण्याचे ठिकाण म्हणून कुकटपल्लीचा भाव वाढला. 2007 साली येथील नगरपालिका बृहन्‌हैदराबादेत विलीन झाली. गोदावरी, कृष्णा आणि गुंटूर जिल्ह्यांतून आलेली किनाऱ्याकडील मंडळी, करीमनगर-वरंगळकडील तेलंगणी मंडळी, आणि त्यांच्यात विखुरलेली मराठी घरे असे येथील वस्तीचे आजचे रूप आहे.

मराठी घरांतही दोन थर आहेत. मराठवाड्याचे पाच जिल्हे 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होते, त्या काळापासून शहरात असलेली, 1907 साली निघालेल्या विवेकवर्धिनी शाळेत शिकलेली, आणि बोलताना ‘परेशान’, ‘बंदोबस्त’, ‘बराबर’ हे शब्द सहज योजणारी जुनी घराणी हा पहिला थर. आणि पुणे, नागपूर, सोलापूर येथून नोकरीनिमित्त अलीकडे आलेली, पुष्कळदा मध्ये काही वर्षे न्यू जर्सीत किंवा टेक्सासात राहून परतलेली तरुण कुटुंबे हा दुसरा. अमेरिका या वस्तीला दूर नाही. शहरात 2008 साली उघडलेली आणि 2023 साली नानकरामगुड्याच्या नव्या इमारतीत गेलेली अमेरिकन वकिलात, आणि जेथे व्हिसासाठी नवस बोलून प्रदक्षिणा घालतात ते चिलकूरचे बालाजीचे देवालय, ही दोन्ही ठिकाणे येथील कुटुंबांच्या बोलण्यात सारख्याच सहजतेने येतात. अशा घरातील नातवंडांनी न्यू जर्सीतील एडिसनच्या गल्लीत दारोदार फिरून गोळ्या जमवलेल्या असतात, परत आल्यावर तीच मुले ऑक्टोबर उजाडताच विचारू लागतात, “इथे आपण भूत कधी व्हायचं?”

सलगमाचा दिवा, साखरेची पिशवी

या सणाचे मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडील केल्टिक लोकांच्या ‘साविन’ या उत्सवात सांगतात. उन्हाळा संपून हिवाळा लागण्याच्या संधिकाली, मृतांच्या जगाचे दार किलकिले होते, अशी त्यांची श्रद्धा होती. ख्रिस्ती धर्मसंस्थेने 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि 2 नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरवला, त्यामुळे 31 ऑक्टोबरची रात्र ही त्या संतदिनाची पूर्वसंध्या झाली. आयरिश लोक त्या रात्री सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत; 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळाने लक्षावधी माणसे अमेरिकेत लोटली गेली, तेव्हा तेथे त्यांना सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला.

मुलांनी सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागण्याची रीत उत्तर अमेरिकेत 1920-30च्या सुमारास रूढ झाली, महायुद्धात साखरेवर नियंत्रण आले तेव्हा मंदावली, आणि 1947 साली ते नियंत्रण उठल्यावर पूर्वीच्या दुप्पट जोमाने परतली. तोवर घरोघरी सफरचंदे, भाजलेले दाणे, मक्याच्या लाह्यांचे लाडू, घरच्या वड्या असा खाऊ मिळे. पुढील दोन-तीन दशकांत त्याची जागा कारखान्यात गुंडाळलेल्या गोळ्यांनी घेतली, आणि त्याला सोयीइतकेच भयही कारणीभूत झाले. अनोळखी माणसे खाऊत विष कालवतात, सफरचंदात पाती खुपसतात, अशा वदंता पसरल्या. 1974 साली टेक्सासात एक मूल खरोखरच सायनाइडने दगावले. परंतु तपासाअंती असे निष्पन्न झाले की, विम्याच्या पैशासाठी त्याच्या बापानेच ते कृत्य केले होते. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षांच्या बातम्या तपासल्या, तेव्हा परक्याने हॅलोवीनचा खाऊ देऊन मूल मारल्याचा एकही खात्रीलायक दाखला त्यांना मिळाला नाही. तथापि हुकूम सुटून गेला होता: पाकीटबंद असेल तेच घ्या, घरचे असेल ते टाकून द्या. शेजाऱ्याच्या हातापेक्षा कारखान्याच्या मोहरेवर विश्वास ठेवावा, ही शिकवण एका खेळकर सणाने एका पिढीला दिली.

कुकटपल्लीच्या मंडळींची अट या इतिहासाच्या नेमकी उलट होती. त्यांनी तो इतिहास वाचून ती घातली होती असे नव्हे. एकमेकींच्या घरचे डबे एकमेकींच्या घरी जाण्याचा शिरस्ता त्यांच्यात अजून मोडलेला नव्हता, एवढेच.

मसुद्यावरील चर्चा

2024 साली 31 ऑक्टोबर आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी आल्यामुळे समारंभ आधीच्या शनिवारी ठरला होता. त्याची पूर्वतयारीची बैठक यजमानीणबाईंच्या दिवाणखान्यात भरली. या मूळच्या पुण्याच्या, न्यू जर्सीत काही वर्षे काढून आलेल्या, आणि संध्याकाळी सहानंतर अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे कामाला बसणाऱ्या. सभेला करीमनगरच्या एक अक्का, भीमावरमच्या एक बाई, अकोल्याहून लेकीकडे राहायला आलेल्या आजी, आणि जुन्या हैदराबादी मराठी घराण्यातील, सर्व वसाहत ज्यांना ‘मामा’ म्हणते असे एक निवृत्त गृहस्थ हजर होते. मामांनी वही काढून ‘जिन्नस, जबाबदार इसम, शेरा’ असे तीन रकाने आखले आणि हिशेब आपण ठेवू असे जाहीर केले. “मामा, हिशेब ठेवा, पण त्याबरोबर पाच किलो गाजरं किसायची पण तुम्हीच,” असे यजमानीणबाईंनी सांगताच दुसऱ्या रकान्यात त्यांना स्वतःचे नाव लिहावे लागले.

पहिला वाद भोपळ्याच्या घारग्यांवरून झाला. एका तरुण आईचे म्हणणे असे की, खाऊ पौष्टिक ठेवायचा तर तळण नको, घारगे तव्यावर तूप सोडून भाजावेत. आजींनी त्यावर दिलेला निकाल आम्ही शब्दशः टिपून घेतला आहे: “तव्यावरचा घारगा म्हणजे दुखणाईताची दशमी. तळा, पण रुपयाएवढा करा. अन्‌ एकेकाला तीनच द्या.” आहारशास्त्रातील निम्मे शहाणपण पदार्थापेक्षा त्याच्या आकारात असते, हे तत्त्व या निकालात आले होते आणि सभेने ते बिनतक्रार मंजूर केले.

दुसरा प्रश्न अंड्यांचा. हॅलोवीन पुष्कळ वर्षी कार्तिकात येते, आणि कार्तिकमासात अनेक तेलुगू घरांत मांस-अंडे वर्ज्य असते. तेव्हा अंडे कायमचेच वगळलेले बरे, असे ठरले. काकडी-गाजराच्या फोडींबरोबर द्यावयाच्या मेयोनेजलाही त्याच वेळी रजा मिळाली आणि त्या जागी पंच्यात बांधून टांगलेल्या दह्याचा चक्का, त्यात पुदिना, जिरे व सैंधव घालून, मुक्रर झाला. योगायोग असा की, समारंभानंतर चारच दिवसांनी, 30 ऑक्टोबर 2024 रोजी, शहरात अन्नविषबाधेचे प्रकार घडल्यावरून तेलंगण सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर एक वर्षाची बंदी घातली.

तिसरा मुद्दा गंभीर होता. वसाहतीतील एका मुलाला शेंगदाणा चालत नाही, आणि शेंगदाण्यावाचून ना मराठी खाऊ सुचतो ना तेलंगणी. अमेरिकेत 2014 पासून अशा मुलांसाठी दाराबाहेर मोरपंखी रंगाचा भोपळा ठेवण्याची चळवळ पसरली आहे. त्या दारी खाण्याखेरीज दुसरी भेट मिळते, हा त्याचा संकेत. येथे एका कोहळ्याला मोरपंखी रंग देऊन वेगळे मेज मांडावे, त्यावरील पदार्थ वेगळ्या घरी, वेगळ्या कढईत व्हावेत, आणि चार वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे वा अख्खी द्राक्षे मुळीच देऊ नयेत, कारण ती घशात अडकतात, असा ठराव झाला. वाफाळणाऱ्या पेयासाठी कोणी कोरडा बर्फ सुचवला होता. गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात मार्च 2024 मध्ये मुखशुद्धी समजून तो खाल्ल्याने माणसे रुग्णालयात गेली होती, हे मामांनी सांगितल्यावर ती सूचना वहीत चढलीच नाही.

रैतुबाजारातून ओट्याकडे

1999 साली तत्कालीन आंध्र सरकारने शेतकऱ्याने स्वतः आणून विकावे या हेतूने रैतुबाजार सुरू केले. कुकटपल्लीचा बाजार त्यांपैकी गजबजलेला. फलकावर दिवसाचा भाव लिहिलेला, त्यापुढे घासाघीस जवळजवळ नाही. ऑक्टोबरात येथे सीताफळांचे ढीग असतात, बतुकम्माचा सण नुकताच होऊन गेल्याने झेंडूचे अवशेष कोपऱ्यात पडलेले असतात, आणि तांबडा भोपळा अख्खा तसाच फोडीनेही मिळतो.

हा भोपळा मात्र कोरणाऱ्याची परीक्षा पाहतो. अमेरिकेत दिव्यासाठी जे भोपळे पिकवतात ते पातळ सालीचे, आत पोकळ व चवीला पाणचट असतात. आपला भोपळा जाड गराचा, घट्ट आणि वजनदार. त्याला डोळे पाडताना सुरी अडते आणि मनगट भरून येते. यजमानीणबाईंनी यातून मार्ग असा काढला की, एकच भोपळा मोठ्यांनी कोरावा, बाकीचे मुलांनी नुसते रंगवावेत; आणि रंगवण्याचे कसब शिकण्यासाठी मुलांना देवळाजवळच्या कोहळेवाल्याकडे नेले. राक्षसाची मिशी एका फटकाऱ्यात कशी ओढायची हे त्याने जितक्या गांभीर्याने दाखवले, तितक्या गांभीर्याने चित्रकलेचा तास आम्ही पाहिलेला नाही.

कोरलेल्या भोपळ्याचा गर वाया गेला नाही. तो किसून, वाफवून, गरम असतानाच त्यात गूळ विरघळवला. मग कणीक, थोडी तांदळाची पिठी, वेलदोडा आणि मीठ घालून, पाण्याचा थेंब न लावता घट्ट मळले. भोपळा स्वतःच गोड असल्याने गूळ नेहमीच्या निम्म्यावर आला. बिया धुऊन, सुकवून, मीठ-तिखट लावून भाजल्या. भाजणीची कडबोळी न वळता सरळ ठेवली आणि टोकाला सोललेल्या दाण्याची अर्धी डाळ दाबली, की चेटकिणीचे नखासहित बोट तयार. उकडीच्या मोदकाला कळ्या न पाडता नुसते निमुळते टोक काढून दोन काळे तीळ लावले, तर पांढरे भूत. बिटाच्या रसात भिजवलेल्या पिठाच्या छोट्या इडल्या वाफवल्यावर थोड्या फिकट झाल्या, कारण बिटाचा रंग उष्णतेत टिकत नाही. भीमावरमच्या बाईंनी पुढच्या घाण्यात लिंबाचे थेंब टाकले, आंबटपणात तो रंग अधिक टिकतो म्हणून. ‘रक्त’ म्हणून कोकम सरबत आणि ‘बेडकाची अंडी’ म्हणून भिजवलेला सब्जा.

परंतु सर्वांत अस्सल चेहरा निघाला तो करीमनगरच्या अक्कांच्या सर्वपिंडीचा. तांदळाच्या पिठात दाणे, हरभऱ्याची डाळ, तीळ, कढीपत्ता घालून तो गोळा थेट पातेल्याच्या तळाशी थापतात आणि तेल आत झिरपावे म्हणून त्याला बोटाने भोके पाडतात. अक्कांनी नेहमीच्या जागा सोडून दोन वर व एक खाली अशी भोके पाडली, आणि शतकानुशतके तेलंगणाच्या चुलीवर होणारा पदार्थ न बोलता हॅलोवीनमध्ये सामील झाला.

या सर्व घाईत पिठे मळणारे, कढई उपसणारे आणि भांडी घासणारे हात पुष्कळसे त्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या श्रीकाकुळमच्या बाईंचे होते, हे येथे नमूद केले पाहिजे. ‘घरचा’ म्हणून ज्याचा गौरव होतो तो खाऊ बहुधा बाईच्या, आणि त्यातही पगारी बाईच्या, श्रमांवर उभा असतो. यजमानीणबाईंनी त्यांना दोन दिवसांचा जादा मोबदला दिला आणि त्यांच्या मुलीला सोंग घेऊन यायला सांगितले. ती यमधर्म होऊन आली.

तारनाक्याचा दाखला

पौष्टिक म्हणजे काय, या प्रश्नावर हैदराबादेने देशाला उत्तर द्यावे, हे उचितच. कारण 1918 साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या छोट्या संशोधनापासून सुरू झालेली आणि 1958 साली येथे आलेली राष्ट्रीय पोषण संस्था याच शहरात, तारनाक्याला आहे. तिने 2024च्या मे महिन्यात भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि देशातील एकूण रोगभारापैकी 56.4 टक्के भार अयोग्य आहारामुळे असल्याचा अंदाज त्यांत दिला. वरून घातलेली साखर दिवसाकाठी 20 ते 25 ग्रॅमच्या आत ठेवावी, असे तिचे सांगणे आहे. दुधाच्या चॉकलेटमध्ये वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखर असते हे ध्यानी घेतले, तर चाळीस ग्रॅमची एक वडी खाताच तो शिधा बहुतेक संपतो, आणि दारोदार फिरून भरलेल्या पिशवीचा हिशेब न केलेला बरा.

घरच्या खाऊच्या भक्तांनाही ही तत्त्वे सोडीत नाहीत. गूळ साखरेपेक्षा सात्त्विक, या समजुतीला पोषणशास्त्राचा फारसा आधार नाही. त्यातही मुख्य घटक साखरच, खनिजे थोडी. नाचणीची कीर्ती मात्र खरी आहे. संस्थेच्या 2017च्या अन्नघटक तक्त्यांत शंभर ग्रॅम नाचणीत 364 मिलिग्रॅम कॅल्शियम दाखवले आहे, गाईच्या दुधाच्या तिप्पट; परंतु धान्यातील फायटेट ते शरीराला पूर्ण मिळू देत नाही, म्हणून आपल्या आज्या नाचणी भिजवून, मोड आणून, सुकवून सत्त्व काढीत, त्या खटाटोपात अर्थ होता. भोपळ्यातील बीटा-कॅरोटीन अंगी लागण्यासाठी थोडे स्निग्ध लागते, तेव्हा आजींच्या तळलेल्या घारग्याची बाजूही अगदीच लंगडी नव्हती. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग यांवर काम करणारी, 1972 साली स्थापन झालेली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था याच मुंबई हायवेवर पटानचेरूला आहे, आणि तरीही त्याच हायवेवरच्या दुकानात मुलाला मैद्याचे बिस्किट आधी सापडते.

सोंगे आली

शनिवारी दिवस कलताच क्लबहाउसच्या दारावर एका तेलुगू वडिलांनी खडूने ‘ओ स्त्री, रेपु रा’ असे लिहिले. नव्वदच्या दशकात रात्री दार ठोठावणाऱ्या भुताच्या अफवेने या प्रांतातील खेडीच्या खेडी हादरली होती. त्या भुताने वाचून परत जावे म्हणून लोक दारांवर ‘बाई, उद्या ये’ असा हा मजकूर लिहीत. तेव्हाचे भेदरलेले पोर आज बाप होऊन तीच अक्षरे हसत गिरवीत होते.

मग सोंगे आली. परदेशी चेटकिणी आणि रक्तपिपासू उमराव होतेच. पण त्या साली ‘मुंज्या’ नावाचा चित्रपट गाजल्याने शेंडी-जानवे घातलेले तीन मुंजे आले, आजोबांच्या धोतराला भोके पाडून दोन भुते आली, आणि एक मुलगी भोपळ्यातून प्रवास करून वाघाला फसवणाऱ्या म्हातारीच्या वेषात, कागदाच्या भोपळ्यात बसून आली. मेणबत्त्या नव्हत्या, कृत्रिम धाग्याचे कपडे पटकन पेटतात म्हणून भोपळ्यांत बॅटरीचे दिवे ठेवले होते.

मुलांनी खाल्ले का? खाल्ले, पण सारखे नाही. बोटे सर्वांत आधी संपली, कारण दुपारी मुलांनीच ती घडवली होती, आणि आपण केलेले बोट मित्राने चावताना पाहण्यात विलक्षण समाधान असते. बिटाच्या इडल्या उरल्या. चक्का मुलांपेक्षा बापांनी संपवला. नवी चव पोरांच्या जिभेला पटायला आठ-दहा वेळा पुढे यावी लागते असे बालाहाराचे जाणकार सांगतात; त्या हिशेबाने इडल्यांची ती पहिली हजेरी होती.

येथेच अट मोडली. एक नवे कुटुंब, ज्याच्यापर्यंत ठराव पोहोचला नव्हता, गोळ्या-बिस्किटांचे मोठे खोके घेऊन आनंदाने दारात उभे राहिले. त्यांचा हिरमोड करणे कोणालाच प्रशस्त वाटेना. यजमानीणबाईंनी खोके घेतले, मेजावर उपडे केले आणि मुलांना म्हणाल्या, “आता यांची सोंगं ओळखा.”

पाकिटावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापले पाहिजेत, असा आपल्याकडील अन्नसुरक्षेचा नियम आहे. पहिले नाव ज्याचे, त्याचाच भरणा अधिक. एका पाकिटावर ज्वारी-बाजरीची डौलदार कणसे छापलेली होती. दहा वर्षांच्या एका मुंज्याने ते उलटे करून मोठ्याने वाचले: मैदा, साखर, पामतेल, आणि मग पुष्कळ खाली ज्वारी. “हे आमच्यापेक्षा मोठं सोंग आहे!” असे तो ओरडला आणि पोरांना नवा खेळ सापडला. 2020च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून 50 मीटरांच्या आत अति चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकण्यास मनाई केली. 2024च्या एप्रिलात केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने विक्रीच्या संकेतस्थळांना ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून पेये काढण्यास सांगितले. पण सरकारी फर्मानाने जे मुलांच्या ध्यानी येत नाही, ते त्या अर्ध्या घटकेत आले. जाताना प्रत्येकाला एक गोळी मिळालीच. खोके आणणाऱ्यांचा मानही राहिला.

डब्यातला खाऊ

शेवटचा खेळ अकोल्याच्या आजींचा. विदर्भ-खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत मुली घरोघर जातात आणि गाणी झाली की झाकलेला डबा हलवून आतील खाऊ ओळखावा लागतो; पश्चिम महाराष्ट्रात भोंडल्याच्या खिरापतीची तीच तऱ्हा. तेलंगणात पितरांच्या अमावास्येला बतुकम्मा सुरू होते, बहुतेक दिवशी वेगळा नैवेद्य होतो आणि अखेरच्या दिवशी दही, चिंच, लिंबू, खोबरे, तीळ यांचे भात वाटले जातात. गोव्यात नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे जाळल्यावर घरोघर पोह्यांचे नाना प्रकार होतात. पितर, राक्षस, पोरे आणि घरचा खाऊ यांची गाठ भाद्रपद-आश्विनात आपल्याकडे पूर्वीच पडलेली आहे. बाहेरून आला तो फक्त भोपळ्यातला दिवा.

आजींनी डबा हलवला. आवाज जड आला. चकली, चिक्की, सीताफळ असे तर्क झाले. अखेर भोपळ्यातल्या म्हातारीने ‘नाचणीचे लाडू’ म्हणून बाजी मारली. इतक्यात मघाचा मुंज्या पुढे आला आणि त्याने आजींना पाकिटाला केला तोच सवाल केला, “आजी, यात पहिलं काय, दुसरं काय?”

सभा हसली, पण आजी हसल्या नाहीत. बोटे मोजीत म्हणाल्या, “पहिली नाचणी. दुसरा गूळ. मग तूप, तीळ, शेवटी वेलची.”

“म्हणजे गूळ दुसरा? मैद्यानंतर साखर, तसाच?”

“तसाच. खोटं कशाला सांगू?”

घरच्या खाऊचे माहात्म्य आम्हांस त्या क्षणी उलगडले. तो निर्दोष असतो असे नाही. पण त्याला जाब विचारता येतो आणि करणारा समोर बसून जबाब देतो. अमेरिकेच्या गल्ल्यांनी अफवांपायी गमावले ते हेच.

पुढच्या वर्षीच्या समारंभाची बैठक झाली, तेव्हा मामांच्या वहीत नवा ठराव चढला: प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावावी, तीत घटक उतरत्या क्रमाने मराठी, तेलुगू व इंग्रजीत लिहावेत, आणि खाली करणाऱ्याचे नाव असावे, मग तो पुरुष असो वा पगारी स्वयंपाकीण. आजींनी दोन दुरुस्त्या सुचवल्या. लाडवातला गूळ त्या या वेळी खजूर घालून तिसऱ्या क्रमांकावर नेणार होत्या. आणि चिठ्ठी झाकणावर नको, डब्याच्या बुडाशी चिकटवावी, नाहीतर ओळखायचे काय? दोन्ही दुरुस्त्या एकमताने मंजूर झाल्या.